शायलॉक, सावकार आणि आम्ही

गेल्या हिवाळ्यात राजुऱ्याकडचे एक वयस्क शेतकरी आमच्या शाळेत आले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत चार घड्या घातलेला एक पिवळा कागद. तो उर्दूत आहे, तेव्हा उर्दू शाळेतल्या मास्तरांना दाखवा, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. अशी माणसे आमच्याकडे अधूनमधून येतात. राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपूरला आला. हैदराबादेत १८८४ पासून सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे तिकडच्या कित्येक घरांच्या जमिनीचा इतिहास अशा लिपीत अडकून पडला आहे, जी त्या घरातल्या कोणालाच वाचता येत नाही. आम्हालाही ती शिकस्ता वळणाची लिपी सहज वाचता येते असे नाही. चष्मा पुसावा लागतो.

कागद रेहननाम्याचा निघाला. फसली सन १३४५, म्हणजे इ. स. १९३५-३६. हाली सिक्क्याच्या १२० रुपयांसाठी शेत गहाण टाकल्याचा आणि मुदतीत रक्कम न फेडल्यास कब्जा सोडून देण्याचा मजकूर. आम्ही एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होतो आणि मध्येच आमच्या लक्षात आले की अर्ध्या शब्दांचे भाषांतर करण्याची गरजच नाही. मुद्दल, मुदत, जामीन, वसूल, जप्ती, दस्तऐवज. पाहुण्यांना उर्दूचे अक्षर ओळखता येत नव्हते, पण हे सगळे शब्द त्यांना पाठ होते. कर्जाची भाषा गरिबाला कोणत्याही शाळेत न जाता येते.

सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "गुरुजी, याच्यात माफीचं काही लिवून हाय का जी?"

नव्हते.

त्याच आठवड्यात शाळेत वार्षिक जलशाची तयारी चालली होती. नववीच्या मुलांनी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला खटल्याचा प्रवेश उर्दूतून बसवायला घेतला होता. पोर्शिया व्हायला तिघी तयार, अँटोनिओ व्हायला पाच जण, शायलॉक व्हायला कोणीच नाही. शेवटी एका अबोल मुलाच्या गळ्यात ती भूमिका पडली. दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठ्याचे भलेमोठे वाकडे नाक लावून आला आणि वर्ग हसून लोटपोट झाला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. तालीम संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वो यहूदी था इसलिए हारा, या ग़लत था इसलिए?"

त्या वेळी आम्ही घंटा वाजल्याचे निमित्त केले. शेतकऱ्याचा प्रश्न आणि या मुलाचा प्रश्न एकच आहे, हे कळायला नंतर काही दिवस लागले. प्रस्तुत लेख त्या दोघांना द्यायच्या उत्तराची तयारी आहे, असे समजावे.

नाटकाची गोष्ट बहुतेक वाचकांना माहीत असेल. व्हेनिसचा व्यापारी अँटोनिओ मित्रासाठी शायलॉककडून तीन हजार डुकाट कर्ज घेतो. मुदत तीन महिने. शायलॉक या कर्जावर व्याज मागत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. थट्टेथट्टेत एकच अट घालतो की मुदत चुकली तर अँटोनिओच्या अंगाचे एक पौंड मांस. जहाजे बुडाल्याची बातमी येते, मुदत चुकते, खटला उभा राहतो. वकिलाच्या वेशातली पोर्शिया आधी दयेचे गोडवे गाते आणि मग कागदावर बोट ठेवते: मांस लिहिले आहे, रक्त लिहिलेले नाही. शायलॉक हरतो. छापील नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात हे नाटक 'सुखांतिका' या सदरात आहे. कोणाचे सुख, ते आपण ठरवावे.

हे नाटक लिहिले गेले १५९६ ते १५९८ च्या सुमारास. एडवर्ड पहिला या राजाने १२९० साली सगळ्या ज्यूंना इंग्लंडमधून हाकलले होते आणि १६५६ पर्यंत त्यांना तिथे उघडपणे राहता येत नव्हते. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात उघडपणे ज्यू म्हणून वावरणारा माणूस पाहिलेलाच नव्हता. शेजारी नसलेल्या माणसाचा द्वेष करणे सगळ्यात सोपे असते. १५९४ मध्ये राणी एलिझाबेथचा वैद्य रॉड्रिगो लोपेझ, जन्माने पोर्तुगीज ज्यू, राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून फासावर गेला, तेव्हा लंडनमध्ये मार्लोचे 'ज्यू ऑफ माल्टा' हे नाटक गर्दी खेचत होते. व्हेनिसमध्ये मात्र ज्यू होते. १५१६ साली तिथल्या सत्तेने त्यांना एका बेटावर वेगळे वसवले. रात्री फाटकांना कुलपे, बाहेर पडताना ओळख पटेल अशी टोपी. 'घेट्टो' हा शब्द त्या मोहल्ल्यावरूनच जगभर गेला.

ज्यू सावकारीकडे का वळले, याचेही कारण आहे. मध्ययुगीन युरोपात चर्चने ख्रिश्चनांना व्याज घेण्याची बंदी केली. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन घेता येत नव्हती आणि कारागिरांच्या संघांत शिरता येत नव्हते. राजाला आणि व्यापाऱ्याला पैसा तर हवा होता. मग जे काम आपण पाप मानतो ते परक्याला द्यायचे, त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि पैसे घेतल्यावर त्याच्यावर थुंकायचे. अँटोनिओ शायलॉकवर खरोखरच थुंकतो आणि कर्ज मागतानाही, पुन्हा थुंकेन, असे सांगतो.

शायलॉकचे ते प्रसिद्ध भाषण, ज्यूलाही डोळे आहेत, हात आहेत, टोचले तर रक्त येते, अशा अर्थाचे, शाळांतून पाठ करून घेतात. ते करुण आहे. पण खटल्यातला त्याचा दुसरा युक्तिवाद जास्त बोचरा आहे. तो कोर्टाला म्हणतो, तुमच्या घरी विकत घेतलेले गुलाम आहेत, त्यांना सोडा म्हटले तर तुम्ही सांगता, ते आमचे आहेत. तसे हे मांस माझे आहे, मी पैसे मोजलेत. यावर त्या कोर्टात कोणाकडेही उत्तर नाही. पोर्शियाकडेही नाही.

आम्हा मुसलमान वाचकांनी पोर्शियाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तिला मागणी घालायला मोरोक्कोचा राजपुत्र येतो. सभ्य, शूर, सावळा. पेटी निवडण्यात तो चुकतो आणि निघून जातो. त्याच्या पाठीमागे पोर्शिया म्हणते की या रंगाच्या सगळ्यांनी अशीच निवड करावी. दयेवरचे साहित्यातले सर्वांत गाजलेले भाषण ज्या तोंडातून येते, त्याच तोंडातून हे वाक्यही येते. शेक्सपिअरने दोन्ही वाक्ये एकाच नाटकात ठेवली, याचे आम्हाला नवल वाटते.

आणि निकाल? रक्ताची पळवाट सापडल्यावर खटला तिथेच थांबायला हवा होता. पण पोर्शिया दुसरा कायदा काढते. एखाद्या परक्याने नागरिकाच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाला, निम्मी सरकारला आणि प्राण राजाच्या मर्जीवर. इतका वेळ जो कायदा सर्वांना समान म्हणून मिरवत होता, त्यात 'परका' नावाचे वेगळे कलम निघाले. मग दया केली जाते. जीव वाचतो, आणि अट पडते की शायलॉकने ख्रिश्चन व्हावे. त्या काळच्या प्रेक्षकाला हे उपकारच वाटले असतील. बळजबरीने बदललेल्या धर्माला दया म्हणणे आज आम्हाला जमत नाही, मग बळजबरी कोणत्याही बाजूने झालेली असो.

हे नाटक हिंदुस्थानात आले तेव्हा शायलॉकचे काय करायचे, हा रूपांतरकारांपुढे प्रश्नच होता. इथल्या प्रेक्षकाला ज्यू म्हणजे काय ते ठाऊक नाही. भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८८० च्या 'दुर्लभ बंधु'त अँटोनिओचा अनंत केला, शायलॉकचा शैलाक्ष केला आणि त्याला जैन महाजन बनवले. म्हणजे नाटकाबरोबर पूर्वग्रहाचेही रूपांतर झाले. तिथला परका काढून इथला परका बसवला. उर्दूत मेहदी हसन 'अहसन' लखनवी यांनी १९०० साली पारशी रंगभूमीसाठी 'दिलफ़रोश' केले. १९४१ साली याच कथेवर चित्रपट निघाला, त्याचे नाव 'ज़ालिम सौदागर'. खटला सुरू होण्याआधी निकाल नावातच.

उर्दू रंगभूमीने याला उत्तरही दिले, आणि ते आमच्या मुलांना माहीत नाही ही आमचीच चूक. आगा हश्र काश्मीरी (१८७९-१९३५) यांनी 'किंग लिअर'वरून 'सफ़ेद ख़ून' लिहिले, त्यांना लोक हिंदुस्थानी शेक्सपिअर म्हणत. १९१३ मध्ये त्यांनी 'यहूदी की लड़की' रंगभूमीवर आणले. ते 'मर्चंट'वर आधारलेले नाही. त्याचे मूळ फ्रेंच ऑपेरा 'ला जुईव' (१८३५) आणि त्यावरून इंग्रजीत आलेले नाटक. परंतु शायलॉक पाहिलेल्या प्रेक्षकाला यात उलटा आरसा दिसतो. इथे ज्यू पिळलेला आहे आणि रोमन सत्ताधारी पिळणारे. १९३३ साली न्यू थिएटर्सने त्यावर सैगल यांना घेऊन चित्रपट काढला, १९५८ साली बिमल रॉय यांनी 'यहुदी'. त्यात सोहराब मोदींनी रंगवलेला जवाहिऱ्या एझ्रा, ज्या रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमाने स्वतःचा मुलगा मारला गेला, त्याचीच मुलगी आपली म्हणून वाढवतो. एका मुसलमान नाटककाराची ज्यू बापाची ही गोष्ट हिंदू, मुसलमान, पारशी प्रेक्षकांनी डोळे पुसत पाहिली. आमच्या घरी आजीला त्या सिनेमाचे संवाद तोंडपाठ होते. तिने आयुष्यात एकही ज्यू पाहिला नव्हता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाराष्ट्रात सावकाराचा करारनामा खरोखर इतिहासाच्या चव्हाट्यावर आला तो १८७५ साली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी कर्जाच्या थैल्या मोकळ्या सोडल्या. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. हेतू चांगला होता. पण सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि अक्षरशत्रू कुणबी त्यावर अंगठा उठवू लागला. १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचे एक प्रकरण पुढे चौकशी आयोगाला आढळले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले आणि हे लोण पुणे-नगरच्या अनेक गावांत पसरले. त्यांनी मागितले ते कर्जरोखे. मिळाले की होळी केली. माणसांना मारहाण फार थोड्या ठिकाणी झाली. राग कागदावर होता, असे आपण अभिमानाने सांगतो.

पण त्याच आयोगाच्या अहवालात एक निरीक्षण आहे, ते अभिमानात बसत नाही. दंग्यांचा तडाखा जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांना बसला. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही होते, तिथे सहसा त्यांना हात लागला नाही. व्याज दोघेही घेत होते, रोखे दोघांकडेही होते. एक आपला होता आणि एक बाहेरचा. बाकावरच्या मुलाने जे विचारले, ते इथे सुप्यालाही विचारता आले असते.

सरकारने पुढे काय केले ते मात्र पोर्शियाच्या कोर्टाहून वेगळे होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार दिला. कागदावर रक्कम काय लिहिली आहे एवढ्यावर न थांबता, मुळात हातात किती पडले, व्याज किती, फेड किती, सगळा हिशेब पहिल्यापासून मांडायचा. कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले, हप्ते बांधून देण्याची सोय झाली. सरकारला कुणब्याचा कळवळा होता असे आम्ही म्हणत नाही, दंग्यांची धास्ती होती. कायद्यात पळवाटाही पुष्कळ निघाल्या. तरीही फरक महत्त्वाचा आहे. पोर्शियाने कागद सावकारापेक्षाही बारकाईने वाचला. या कायद्याने न्यायाधीशाला कागदावरून नजर उचलायला सांगितली. कोणत्या जातीचा सावकार, हा प्रश्न त्यात नव्हता. योगायोग असा की त्याच १८७९ साली लंडनमध्ये हेन्री आयर्व्हिंगने शायलॉक हा अन्याय सोसलेला, मानी माणूस म्हणून रंगवला, आणि आगा हश्र यांचा जन्मही त्याच सालचा.

सगळे कायदे असे आंधळे नव्हते. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, हा 'दामदुप्पट'चा जुना हिंदू नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी मानला. किती चांगला नियम! पण तो लागू व्हायला मूळ ऋणको हिंदू असावा लागे. ऋणको मुसलमान असेल तर संरक्षण नाही. व्हेनिसच्या त्या 'परक्या'च्या कलमाची आठवण होते.

आणि आम्ही? आमच्याकडे व्याज हराम आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि माफ केले तर ते अधिक चांगले, हे सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. शुक्रवारी ऐकतोही. तरी काबूलकडून आलेले पठाण खेड्यापाड्यांत आणि गिरणगावांत दंडुका घेऊन व्याज वसूल करत फिरले, हाही इतिहासच आहे. मराठीत त्याचे 'पठाणी व्याज' आणि 'पठाणी वसुली' झाले. आजही वीजबिलाची सक्ती झाली की वर्तमानपत्रात मथळा येतो 'पठाणी वसुली'. वसूल करणारे खाते कोणाचेही असो, शब्दात पठाणच. आमच्या वर्गात पठाण आडनावाच्या दोन मुली आहेत. एकीचे वडील रिक्षा चालवतात आणि स्वतः बचतगटाच्या हप्त्याखाली आहेत. मराठीच्या तासाला तो शब्द आला की ती खाली पाहते. या शब्दावर रागावणाऱ्या आमच्याच बांधवांनी मात्र पुठ्ठ्याच्या नाकावर हसायला हरकत घेतली नाही. मुलांना विचारले तेव्हा कळले की त्यांच्या डोक्यात टीव्हीवरच्या पॅलेस्टाइनच्या बातम्या होत्या. एका राज्याच्या बंदुकीचा राग आणि एका जमातीच्या नाकाचे हसे यांत अंतर आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. नागपुरात शिकायला गेलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला नाव सांगितल्याबरोबर खोली नाकारली गेली, तेव्हा हीच मुले तावातावाने बोलत होती.

झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत, धान निघाल्यावर, रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे तिथल्या मंडळ्यांचे मोठे केंद्र. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांना या रंगभूमीची आठवण झाली. आम्ही पाहिलेल्या तीन-चार नाटकांत सावकार होता आणि तो मंचावर आला की मंडपातून शिव्यांचा भडिमार व्हायचा. पण तो गावातलाच होता, प्रेक्षकांसारखाच बोलणारा. त्याला ओळखायला वेगळे नाक लागत नव्हते. बाबुराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्येही (१९२५) शेतकऱ्याला देशोधडीला लावणारी गोष्ट खोटा कागद हीच आहे.

मुलांना आम्ही शेवटी मुंबईची एक गोष्ट सांगितली. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी ही त्यांची मातृभाषा. सावकारीशी त्यांचा संबंध नव्हता आणि इथे त्यांना कोणी कोंडलेही नाही. त्यांच्यातले सॅम्युएल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैदी 'बनी इस्राईल' आहेत, ज्यांचा उल्लेख कुरआनात आहे, हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली करून त्यांना वाचवले, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'रहमतचा दरवाजा'. शेजारपाजारचे लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले आणि लोकलच्या मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले. मुलांना हे खरे वाटेना. एकाने मुंबईच्या मामूला फोन करून विचारले. मामूला ठाऊक नव्हते, तो रोज त्या स्टेशनवर उतरतो.

जलशात खटला झाला. नाक नव्हते. मुलांनीच सुचवून मोरोक्कोचा राजपुत्र आधी एका मिनिटासाठी आणला. धर्मांतराची अट वाचली गेली तेव्हा मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. शायलॉक झालेला मुलगा काही न बोलता विंगेत गेला. त्याने ते संवाद मुद्दाम गाळले की तो विसरला, हे आम्ही अजून विचारलेले नाही.

राजुऱ्याचे पाहुणे फेब्रुवारीत पुन्हा आले. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे, हे आम्ही शोधून ठेवले होते. पण तो १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारांपुरता आहे आणि हा कागद ऐंशी वर्षांहून जुना. त्यांनी मान हलवली. मग कागद उलटा करून म्हणाले, मागच्या बाजूला पेन्सिलीने काही आहे, ते मागच्या वेळी राहिले. खिडकीशी नेऊन पाहिले. आकडे होते, ५, ५, ७, ५, अशी फेडीची नोंद असावी. आम्ही बेरीज केली. १३१ झाली. ती त्यांनी आमच्याकडून मराठी आकड्यांत कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतली आणि कागद पुन्हा पिशवीत ठेवला.